‘कार्ड निघालं ना? मग पगार सुरू झाला असेल!’

हे वाक्य ऐकलं की डोकं फिरतं. किराणा दुकानात, एसटी स्टँडवर, लग्नाच्या पंगतीत, कुठेही. ‘काय वहिनी, पोराचं कार्ड झालं म्हणे? बरं झालं, आता घरबसल्या पगार.’ अहो, कसला पगार? युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, हा फक्त पुरावा आहे. त्यावर नाव, अपंगत्वाचा प्रकार आणि टक्का असतो. ते हातात पडलं म्हणून खात्यात एक रुपया आपोआप येत नाही. संजय गांधी निराधार योजनेच्या महिन्याच्या अनुदानाचा (लोक त्यालाच ‘पगार’ म्हणतात) अर्ज वेगळा, एसटीची सवलत वेगळी, रेल्वेची वेगळी, तीनचाकी नाहीतर श्रवणयंत्राचा अर्ज आणखी वेगळा, आणि प्रत्येक ठिकाणची अट निराळी. हे कुणालाच माहीत नसतं, पण ‘सरकारी जावई’ म्हणायला सगळे पुढे.

टक्क्यांवरून तर इतका खोटेपणा पसरलाय की एकेकाला धरून समजावावं लागतं. ‘एक डोळा पूर्ण गेलाय, म्हणजे पन्नास टक्के तरी देतीलच.’ नाही देत! दुसरा डोळा चांगला असेल तर केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ३० टक्के बसतात आणि बहुतेक योजनांचा उंबरठा ४० चा आहे. कानाचा हिशोब तर लोकांना पटतच नाही. चांगल्या कानाच्या टक्क्याला ५ ने गुणायचं, वाईट कानाचा टक्का त्यात मिळवायचा आणि ६ ने भागायचं. एक कान ठार बहिरा आणि दुसरा नीट असेल तर शून्य अधिक १००, भागिले ६. सतरा टक्केसुद्धा पुरते होत नाहीत.

दोन अपंगत्वं असली की सरळ बेरीज करून मोकळे होतात: पायाचे ४०, डोळ्याचे ३०, झाले ७०. तसं नसतं हो. ९० मधून मोठा आकडा वजा करायचा, म्हणजे उरले ५०. त्याला ३० ने गुणून ९० ने भागायचं, आले १६.६७. ते ४० मध्ये मिळवायचे. झाले ५७, सत्तर नाही. हा हिशोब ठाऊक नसला की मग सुरू होतं, ‘डॉक्टरने पैसे मागितले असतील, दिले नाहीत म्हणून कमी लावले.’ आणि सर्टिफिकेट देणाऱ्या सिव्हिल हॉस्पिटलच्या आवारातला एजंट हेच वाक्य पकडून ‘वाढवून देतो’ म्हणत हजारो रुपये काढतो. वाढवून घेतलेलं सर्टिफिकेट सापडलं तर दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याच्या कलम ९१ मध्ये दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. ते अडकतं अर्जदाराच्या गळ्यात, एजंट कधीच पसार झालेला असतो. खरोखर टक्का चुकलाय असं वाटत असेल तर त्याच कायद्याच्या कलम ५९ मध्ये अपिलाची सोय आहे. ती वापरा. युडीआयडीच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायला सरकारी फीसुद्धा लागत नाही, मग या दलालांना कशाला पोसायचं?

आणि ते ‘धडधाकट तर दिसतोय!’ २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया हे रक्ताचे आजार, मानसिक आजार, स्वमग्नता, सगळं त्यात आहे. गडचिरोली-नंदुरबारकडच्या सिकलसेलच्या पोराला काठी लागत नाही, म्हणून त्याच्या हाडांतल्या कळा खोट्या ठरतात का? बसमध्ये त्याच्याकडे संशयाने बघणाऱ्यांनी एकदा ती कळ येताना बघावी.

आता पगाराबद्दल, ज्याच्यावर सगळ्यांचा डोळा असतो. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून महिना २,५०० रुपये आहेत, त्याआधी १,५०० होते. दिवसाला ८३ रुपये. त्यासाठी अपंगत्व ४० टक्के, वय १८ ते ६५, महाराष्ट्रात १५ वर्षं वास्तव्य आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५०,००० च्या आत. पन्नास हजार, अख्ख्या घराचे, वर्षाचे! महिन्याला ४,१६७ रुपयेसुद्धा नाहीत. लाडकी बहीण योजनेला हीच मर्यादा अडीच लाख आहे. बहिणींना मिळतात त्याबद्दल अजिबात तक्रार नाही, मिळायलाच हवेत. पण ज्या घरात एक माणूस अंथरुणाला खिळलाय आणि दुसऱ्याला त्याच्यापायी काम सोडावं लागलंय, त्या घराला पन्नास हजारांची पट्टी कुठल्या हिशोबाने लावली? बापाला कुठे वॉचमनची नोकरी लागली की पोराचा हक्क गेला. वर लोक म्हणणार, ‘त्या बाईला दोन्हीकडून मिळतं.’ मिळत नाही. दुसऱ्या सरकारी योजनेतून महिना दीड हजार किंवा जास्त घेणारी बाई लाडकी बहीणला बसतच नाही.

केंद्राच्या दिव्यांग पेन्शनचं नाव मोठं. त्याला ८० टक्के अपंगत्व आणि दारिद्र्यरेषेखालचं कुटुंब लागतं, आणि केंद्राचा वाटा किती? महिना ३०० रुपये. २०१२ पासून तेवढाच.

मंजुरी मिळूनही पैसे येत नाहीत, तेव्हा लोक तहसीलच्या संगायो (संजय गांधी योजना) शाखेत जाऊन भांडतात. कित्येक वेळा घोळ बँकेत असतो. ‘आधार लिंक आहे हो खात्याला!’ लिंक असणं आणि सीडिंग असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बँकेने केवायसीसाठी आधार घेतलं, ते लिंक. डीबीटीचे, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारे पैसे मात्र एनपीसीआय या पेमेंट यंत्रणेच्या मॅपरवर (आधार कुठल्या बँकेला जोडलंय त्या यादीत) आधारापुढे ज्या एका बँकेचं नाव आहे तिथेच जातात; ती नोंद म्हणजे सीडिंग. मधे कुणी मोबाईलच्या दुकानात अंगठा देऊन नवं पेमेंट बँकेचं खातं उघडलं असेल तर मॅपरवर ते बसू शकतं आणि मग पगार तिकडे जमा होत राहतो. म्हातारी इकडे जुनं पासबुक भरून आणते, नोंद काही दिसत नाही, आणि गावभर होतं की ‘क्लार्कने खाल्ले’. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघा, आधार क्रमांक आणि ओटीपी टाकला की बँकेचं नाव समोर येतं. चुकीची बँक असेल तर हव्या त्या बँकेत सीडिंगचा फॉर्म भरायचा. हे सांगायला कार्यालयातल्या माणसाला दोन मिनिटं लागतात, पण तो ‘पुढच्या महिन्यात बघा’ म्हणून पुढच्या माणसाला हाक मारतो.

रेल्वेचंही तेच. कार्ड दाखवलं की तिकीट स्वस्त, असं समजून खिडकीवर जातात आणि अपमान करून घेतात. दिव्यांग सवलतीत रेल्वे २१ प्रकार मानत नाही. सोबत्याशिवाय प्रवास न करू शकणारे अस्थिव्यंग, पूर्ण अंध, बौद्धिक अक्षम आणि पूर्ण मूकबधिर, एवढेच. त्यांनाही रेल्वेच्या नमुन्यातलं सरकारी डॉक्टरचं वेगळं सर्टिफिकेट लागतं.

हयातीचा दाखला दरवर्षी द्यावा लागतो, तो राहिला की अनुदान थांबतं आणि कुणी कळवतही नाही. आधारावर ‘राजाराम’, सर्टिफिकेटवर ‘राजू’, एवढ्यावरून फाईल परत येते, म्हणून सिव्हिलला जायच्या आधी नाव एकसारखं करून घ्या. अर्ज दिला की तारीख-शिक्क्याची पोच मागा. ‘लागत नाही’ म्हणाले तरी मागा, आणि अर्ज नामंजूर केला तर कारण लेखी दिल्याशिवाय टेबलापुढून हलू नका.