क्वाशिओरकोर म्हणजे पाठचं बाळ आल्यावर

नर्सिंगला असताना 'क्वाशिओरकोर' हा शब्द मी घोकून घोकून पाठ केला होता. मराठीत सुजवटी, लहान मुलांचा कुपोषणाचा आजार. लक्षणं लिहिली की मार्क मिळायचे. शब्दाचा अर्थ कुणी सांगितला नाही आणि मीही कधी विचारला नाही.

शब्द गा भाषेतला आहे. आजच्या घानात, अक्रा शहराच्या आसपास ही भाषा बोलतात. तिथे इंग्रजांचं राज्य असताना, १९२९ साली, डॉ. सिसिली विल्यम्स तिकडे नोकरीवर गेल्या. त्यांच्याकडे एक ते चार वर्षांची मुलं यायची. पाय सुजलेले, केस विरळ नि तांबूस, कातडी सोलवटलेली. अंगावरचं दूध तुटलेलं आणि पोटात नुसती मक्याची पेज. तिथल्या बायकांकडे या आजाराला नाव होतं, क्वाशिओरकोर. पाठचं भावंड आलं की आधीच्या बाळाची आईजवळची जागा जाते, त्या बाळाला जडणारा आजार. १९३५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहिताना बाईंनी तेच नाव ठेवलं. हा तर पेलाग्राच, म्हणजे नायसिन हे जीवनसत्त्व कमी पडल्यानं होणारा आजार, असं सांगणारे जाणकार होते. बाई मागे हटल्या नाहीत.

मला हे फार मोठं वाटतं. आपला 'सुजवटी' शब्द डोळ्यांना दिसतं तेवढंच सांगतो. त्या बायकांच्या शब्दात घरात काय घडलं ते आहे. पुढे प्रथिनं कमी पडतात म्हणून हे होतं असं शिकवलं गेलं, आता ते तितकं सरळ मानत नाहीत. पण दूध कधी तुटलं आणि का, हा प्रश्न त्या आयांनी आजाराच्या नावातच घालून ठेवला होता. नर्सिंगच्या प्रत्येक वर्गात आधी हा अर्थ सांगावा आणि मग लक्षणं, असं माझं ठाम मत आहे.

कारण सूज फसवते. एकदा एका पाड्यावर दोन वर्षांचा मुलगा पाहिला. गाल भरलेले. आजी कौतुकानं म्हणाली, "बाळसं धरलंय बघा." मी त्याच्या पावलावर अंगठा दाबून धरला आणि उचलला. खळगा तसाच राहिला. दुसऱ्या पावलावरही तेच. आईच्या मांडीवर तीन महिन्यांची मुलगी पीत होती.

"हा अंगावरून कधी सुटला गं?"

"हिच्या वेळेला दिवस गेले ना ताई, तेव्हाच."