जॅक्सन हॉलिडेचा निकाल ३४ ॲट-बॅटमध्ये लागला होता का?

“बाल्टिमोर ओरिओल्सचा जॅक्सन हॉलिडे म्हणजे नुसता गाजावाजा. वडिलांच्या नावावर ड्राफ्टमध्ये पहिला नंबर मिळाला, मायनर लीगमधल्या दुय्यम पिचरांवर आकडे जमवले आणि मेजर लीगमध्ये पाऊल ठेवताच पितळ उघडं पडलं. खरा फलंदाज पहिल्या दिवसापासून दिसतो.” बेसबॉल पाहणाऱ्यांत २०२४ पासून हे मत फिरतंय. (ड्राफ्ट म्हणजे संघांनी नवे खेळाडू क्रमाने निवडणं; मेजर लीग सगळ्यात वरची पातळी, मायनर लीग तिच्या खालच्या; पिचर म्हणजे चेंडू टाकणारा.) बोलणारे अगदी ठासून बोलतात.

यातलं जे खरं आहे ते आधी मान्य करू. १० एप्रिल २०२४ ला बोस्टनच्या फेनवे पार्कवर हॉलिडेने पदार्पण केलं, तेव्हा तो २० वर्षांचा होता. पहिल्या १० सामन्यांत ३४ ॲट-बॅट (वॉक वगैरे वगळून फलंदाजीच्या संधी), २ हिट (चेंडू मारून बेस गाठणं), १८ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद). सरासरी, म्हणजे हिट भागिले ॲट-बॅट, ०.०५९. पहिला हिट यायलाच १४ तारीख उजाडली. २६ एप्रिलला संघाने त्याला नॉरफोकच्या ट्रिपल-ए (मेजर लीगच्या लगेच खालची पातळी) संघात परत पाठवलं. हे वाईटच होतं, त्याला दुसरं नाव नाही. भांडण आहे ते यावरून काढलेल्या निष्कर्षांशी.

आधी वडिलांचं बघू. मॅट हॉलिडे सात वेळा ऑल-स्टार (मोसमातल्या निवडक खेळाडूंच्या संघात), २००७ चा नॅशनल लीगचा फलंदाजी विजेता, २०११ ला सेंट लुईस कार्डिनल्सकडून वर्ल्ड सीरिज, म्हणजे मेजर लीगचं अजिंक्यपद, जिंकलेला. घरात असा माणूस असल्याचा फायदा होतोच. पण ओक्लाहोमातल्या स्टिलवॉटर हायस्कूलकडून जॅक्सनने २०२२ च्या एका मोसमात ८९ हिट काढले आणि जे. टी. रिअलम्युटोचा ८८ चा राष्ट्रीय शालेय विक्रम मोडला. ते हिट काही मॅटने काढले नव्हते. त्याच ड्राफ्टमध्ये दुसरा आला ड्रू जोन्स, मेजर लीग गाजवलेल्या अँड्रू जोन्सचा मुलगा. आडनाव तेवढंच वजनदार, पण दुखापतींनी गाठलं आणि २०२५ मध्येही तो मायनर लीगमध्येच होता. (तिसरा होता कुमार रॉकर, आईकडून भारतीय वंशाचा पिचर. त्याचे वडील अमेरिकन फुटबॉल खेळायचे. म्हणजे पहिले तिघेही खेळाडूंचीच मुलं.) आडनावामुळे लोकांचं लक्ष लवकर जातं. १५० किलोमीटर वेगाने येणाऱ्या चेंडूला त्याचं काय?

‘दुय्यम पिचरां’चा मुद्दा मात्र वजनदार आहे, फक्त तो अर्धाच सांगितला जातो. २०२३ मध्ये हॉलिडे एकाच मोसमात चार पातळ्या चढून नॉरफोकपर्यंत पोचला; सरासरी ०.३२३. ट्रिपल-ए आणि मेजर लीग यांच्यातला फरक केवळ वेगाचा नाही. साधारण १५० किलोमीटरचा फास्टबॉल पिचरच्या हातून सुटल्यावर प्लेटपर्यंत (फलंदाजाच्या जागेपर्यंत) यायला सुमारे ०.४ सेकंद घेतो, आणि असा चेंडू ट्रिपल-एमध्येही बघायला मिळतो. मेजर लीगचा पिचर तोच चेंडू हवा तिथे टाकतो, पुन्हा टाकतो, आणि फलंदाज कुठे कच्चा आहे हे दोन दिवसांत सगळ्या लीगला कळतं. शिवाय त्या वसंतात ट्रिपल-एमध्ये काही सामन्यांत स्ट्राइक-बॉलचा निवाडा (चेंडू मारण्याजोग्या चौकटीतून, म्हणजे स्ट्राइक झोनमधून, गेला की बाहेरून) यंत्र करत होतं. मेजर लीगमध्ये तो पूर्णपणे अंपायरच्या नजरेवर होता. हॉलिडेचं सगळं बळ चेंडू सोडण्यात, वॉक (चार ‘बॉल’ सोडल्यावर फुकट मिळणारा पहिला बेस) मिळवण्यात. अशा फलंदाजाला स्ट्राइक झोनची कड बोटभर सरकली तरी जाणवते. मग तो सोडायचा तो चेंडू मारायला जातो आणि मारायचा तो सोडून देतो. एकूण ३६ वेळा प्लेटवर येऊन १८ स्ट्राइकआउट होण्यामागे एवढं एकच कारण होतं असं मी म्हणणार नाही, पण “खालचे आकडे खोटे होते” यापेक्षा हे स्पष्टीकरण मला जास्त पटतं.

“खरा फलंदाज पहिल्या दिवसापासून दिसतो.” इथे हॉलिडेचे चाहते लगेच यादी काढतात: विली मेज १९५१ मध्ये पहिल्या २६ ॲट-बॅटमध्ये एकच हिट, तरी वर्षअखेरीस ‘रूकी ऑफ द इयर’ (सर्वोत्तम नवोदित). माइक ट्राउट २०११ ला ४० सामन्यांत ०.२२०, पुढच्या वर्षी ०.३२६. ॲरन जज २०१६ मध्ये ८४ ॲट-बॅटमध्ये ४२ स्ट्राइकआउट, २०१७ ला ५२ होम रन (क्रिकेटच्या षटकारासारखा फटका). यादी खरी आहे, पण युक्तिवाद म्हणून लबाड आहे, कारण तिच्यात फक्त तरून गेलेले आहेत. जॅरेड केलेनिकचाही असाच गाजावाजा होता. २०२१ ला सिअ‍ॅटलकडून तो ०.१८१ वर अडकला आणि अपेक्षेइतका कधी उभाच राहिला नाही. ब्रँडन वूडने मायनर लीगमध्ये होम रनचा पाऊस पाडला होता, त्याची मेजर लीगमधली एकूण सरासरी ०.१८६. मेज आणि वूड, दोघांचीही सुरुवात पडलेलीच. म्हणून पहिल्या महिन्यावरून ना देव ठरतो ना दगड.

परत पाठवल्याने पोराचा आत्मविश्वास गेला, असंही एक उपकलम या मताला जोडलेलं असतं. ३१ जुलै २०२४ ला हॉलिडे परतला आणि त्याच दिवशी टोरोंटोविरुद्ध कारकिर्दीतला पहिला होम रन मारला, तोही ग्रँड स्लॅम, म्हणजे तिन्ही बेसवर धावपटू असताना, चार धावांचा. उलट बाजूला, त्याच वर्षी त्याच वयाचा जॅक्सन चुरिओ मिलवॉकी ब्रुअर्सकडून मे अखेरपर्यंत चाचपडत होता. ब्रुअर्सनी त्याला खाली धाडलं नाही, आणि मोसम संपताना त्याच्या नावावर २१ होम रन, २२ स्टील (पिचरची नजर चुकवून पुढचा बेस पळवणं). दोन्ही रस्ते चालतात.

त्या ग्रँड स्लॅमनंतर सगळं सुरळीत झालं असंही नाही. २०२४ संपलं ते ६० सामन्यांत ०.१८९ वर, फलंदाजीला आल्यावर जवळपास दर तिसऱ्या वेळी स्ट्राइकआउट. २०२५ ला १४९ सामने, १७ होम रन, ०.२४२, स्ट्राइकआउटचं प्रमाण बरंच उतरलं. ड्राफ्टमधल्या पहिल्या क्रमांकाकडून यापेक्षा जास्त हवं, हे म्हणणं रास्त आहे. सरासरी फलंदाजाच्या आसपासचा, कदाचित किंचित खालचाच मोसम होता तो. टीका करायची तर या १४९ सामन्यांवर करा. तिथे बोलण्यासारखं पुष्कळ आहे.