फॉरेस्टचा म्हणे तुक्का!

भाच्यानं फॅमिली ग्रुपवर तो फॉरवर्ड टाकला, वर लिहिलं 'मामा, वाचा म्हणजे कळंल.' हाच मेसेज याआधी तिघांनी पाठवला होता, तेव्हा सोडून दिला. पण घरातलंच पोरगं, तेही कोल्हापूरचं, पाटाकडीलची फुटबॉल मॅच असली की जेवण टाकून शाहू स्टेडियमवर पळणारं, ते असलं काही खरं मानायला लागलं म्हटल्यावर गप्प बसवेना.

मेसेजचं म्हणणं असं: १९९२ च्या आधीचं काही धरायचंच नाही, तेव्हा युरोपियन कप (आताची चॅम्पियन्स लीग) सोपा होता, पाच राउंड खेळले की झालं. नॉटिंगहॅम फॉरेस्ट या इंग्लिश क्लबचे दोन कप म्हणजे तुक्का. मँचेस्टर युनायटेडच्या फर्ग्युसननं सगळं अकादमीच्या पोरांवर जिंकलं. आणि ट्रॉफ्या ज्याच्या जास्त तो मोठा, म्हणून ग्वार्डिओला एक नंबरचा मॅनेजर, विषय संपला.

सोपा? अरे, तेव्हा एंट्रीच फक्त आपापली लीग जिंकणाऱ्याला, आणि आदल्या वर्षीच्या विजेत्याला. आता इंग्लंडात चौथा आलेलाही आत, वर आधी आठ मॅच, त्यात दोन-तीन हरलं तरी खपतंय. तेव्हा पहिल्या राउंडपासून नॉकआउट. १९७८ च्या सप्टेंबरात फॉरेस्टच्या वाट्याला पहिल्याच ड्रॉमध्ये कोण आलं? लिव्हरपूल! सलग दोन वर्षं हाच कप जिंकलेलं, मॅनेजर बॉब पेझलीचं लिव्हरपूल. घरी २-०, अ‍ॅनफिल्डवर ०-०, आणि युरोपचा चॅम्पियन सप्टेंबरातच बाहेर. यूएफाच्या साइटवर सगळे निकाल पडलेत, फॉरवर्ड दाबायच्या आधी बघायला काय जातं? सेमीला कलोन फॉरेस्टच्या घरी येऊन ३-३ करून गेलं, मग यांनी जर्मनीत जाऊन १-० मारलं. हा म्हणे सोपा कप.

आता तुक्का. १९७७ ला सेकंड डिव्हिजनमध्ये तिसरे येऊन वर चढलेली टीम, पुढच्याच वर्षी लीग चॅम्पियन, लीगमध्ये सलग ४२ मॅच हार नाही (हा रेकॉर्ड थेट २००४ ला आर्सेनलनं मोडला), आणि मग १९७९, १९८० लागोपाठ युरोपियन कप. एवढा लांब तुक्का कुणाचा लागतो बाबा? आणि कुणाला घेऊन? केनी बर्न्स बर्मिंगहॅमला फॉरवर्ड खेळायचा, फॉरेस्टचा मॅनेजर ब्रायन क्लफ आणि त्याचा जोडीदार पीटर टेलरनं त्याला सेंटर-बॅकला, म्हणजे बचावात, उभा केला, तो वर्षभरात इंग्लंडचा फुटबॉलर ऑफ द इयर. जॉन रॉबर्टसन, क्लफ यायच्या आधीपासून क्लबातच पडून असलेला, १९७९ च्या फायनलला हाफटाइमच्या तोंडावर डावीकडून दोघांना चकवून असा क्रॉस टाकतो की ट्रेव्हर फ्रान्सिसला फक्त डोकं लावायचं राहतं. पुढच्या वर्षी हॅम्बुर्गविरुद्ध गोलही त्याचाच.

बरं, एक मान्य करतो. ती १९७९ ची माल्मोविरुद्धची फायनल बघवत नाही, आणि फ्रान्सिसला दहा लाख पौंड मोजले होते, म्हणजे फॉरेस्ट अगदीच फाटकं नव्हतं.

फर्ग्युसनचं काय सांगायचं. बेकहॅम, गिग्ज घरचे, खरंय. पण व्हेरॉन, फर्डिनांड काय अकादमीतून आले? १९९३ ला रॉय कीनला ब्रिटिश रेकॉर्ड रक्कम देऊन आणला, तोही फॉरेस्टकडूनच.

आणि ट्रॉफ्याच मोजायच्या तर चॅम्पियन्स लीगच्या अँचेलॉटीच्या पाच, ग्वार्डिओलाच्या तीन. माणूस जबरदस्तच आहे, लीगच्या एका सीझनात १०० पॉइंट काढणं खायचं काम नाही. पण तुमच्याच हिशेबानं तो बसतो पेझलीच्या शेजारी, कारण त्याचेही तीनच, आणि त्याला तुम्ही १९९२ च्या कात्रीनं आधीच उडवलाय.