गाणं नसलेला पिक्चर

रहस्यपट घरच्यांबरोबर बघू नये. बघायचाच झाला, तर निदान गाणी असलेला बघावा. 'बीस साल बाद'मध्ये 'कहीं दीप जले' सुरू झालं की कुकर बंद करून, दूध फ्रीजमध्ये ठेवून, बाथरूमला जाऊन परत येता येतं. बी. आर. चोप्रांनी १९६० साली 'कानून' काढला तो एकाही गाण्याशिवाय. जाणकार त्याबद्दल त्यांना फार वाखाणतात. जाणकारांच्या घरी आत्या नसणार.

नाशकातल्या आमच्या इंदिरानगरच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी पडदे ओढून आम्ही 'कानून' लावला. आत्यानं तो लग्नाआधी थिएटरात पाहिलेला. तिनं आधीच शब्द दिला, "खुनी मी सांगणार नाही हो. कोण नाही, तेवढंच सांगीन."

सावकाराचा खून होतो आणि तो करताना राजेंद्रकुमारला दिसतो खुद्द न्यायाधीश अशोककुमार, म्हणजे त्याचा होणारा सासराच! मी श्वास रोखला. आत्या म्हणाली, "अरे, तो मुळी..."

मी रिमोट दाबून आवाज वाढवला.

"काय म्हणाल्या आत्या?" बायको स्वयंपाकघरातून. "अहो, जरा मागे घ्या ना."

मागे घेतला. सावकार पुन्हा मेला. मग चोर पकडला गेला. "हे आपले नाना पळशीकर! फिल्मफेअर मिळालं होतं त्यांना यासाठी," आत्या म्हणाली, आणि लगेच पदर डोळ्यांना. "गरीब बिचारा. त्यानं नाही रे केला." झालं, आणखी एक निर्दोष सुटला. चिरंजीव मध्येच विचारून गेले, रंग कधी येणार?

दादासाहेब फाळके मुंबई सोडून नाशकात आले आणि इथे मूकपट काढत राहिले. पडद्यानं गप्प बसायचं आणि बोलायचं काम प्रेक्षकांवर सोडायचं, ही सोय त्यांनी नाशिककर ओळखूनच केली असावी.

ऐन कोर्टाच्या प्रसंगात बेल वाजली. खालचे काका सोसायटीच्या मेंटेनन्सची पावती घेऊन आले आणि टीव्हीकडे बघत सोफ्यावर टेकलेच. "अरे वा, 'कानून'! यात शेवटी तो..."

"सांगू नका!" आत्या एवढ्या जोरात ओरडली की काकांच्या हातातली पावती पडली.

"पण आत्या, तू तर पाहिलायस ना?"

"पाहिलाय. पण आठवतोय कुठे? आठवत असता तर कशाला बसले असते?"