पाच हजारांचा ‘फ्री-फ्लो’ आणि पंधरा हॉर्सपॉवर: एका फिरत्या दाव्याची झडती

गाड्यांच्या हौशी मंडळींमध्ये सध्या एक मजकूर या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरतो आहे. त्याचा सारांश असा: कंपनीचा सायलेन्सर इंजिनाचा श्वास कोंडतो, तो काढून पाच-सहा हजारांचा, वायू मोकळा सोडणारा ‘फ्री-फ्लो’ सायलेन्सर बसवला की छोट्या हॅचबॅकलाही 15 हॉर्सपॉवर जास्त मिळते, सोबत कॅटलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा, काढला तर ॲव्हरेज वाढते, पीयूसी निघते, म्हणजे कायद्याची अडचण नाही, लोहचुंबक चिकटत नाही तो पाइप अस्सल 304 प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचा, बसवायला कोणताही वेल्डर चालतो, आणि जुना माल भंगारात दिला की वर चार पैसे सुटतात. यातले बहुतेक सल्ले मी काही वर्षांपूर्वी स्वतःच्या गाडीवर, स्वतःच्या पैशाने पाळून पाहिले आहेत, त्यामुळे पुढचा मजकूर केवळ पुस्तकी नाही. गाडीचा आवाज भारदस्त असावा असे वाटण्यात काही गैर आहे असे मी मानत नाही. मात्र एवढ्या रकमेत आवाजच विकत मिळतो, आणि किंमत कमी ठेवण्यासाठी जी काटछाट होते ती गाडीखाली, आपली नजर जात नाही अशा ठिकाणी होते, हे माझे म्हणणे आहे.

सुरुवात हॉर्सपॉवरपासून करू, कारण सगळा मजकूर त्याच आकड्यावर उभा आहे. आपल्याकडच्या 1.2 लिटर, चार सिलिंडरच्या, टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाची ताकद साधारण 83 हॉर्सपॉवर असते. त्यात 15 ची भर म्हणजे जवळजवळ 18 टक्के. एवढी ताकद खरोखर सायलेन्सरमध्ये अडकून पडली आहे का, हे शाळेतल्या गणिताने तपासता येते. इंजिन 6000 आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला 6000 फेऱ्यांनी, फिरत आहे आणि सायलेन्सरमुळे 30 किलोपास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे तीन दशांश इतका उलटा दाब तयार होतो आहे, असे धरू. जळलेला वायू बाहेर ढकलताना पिस्टनला प्रत्येक चक्रात हा दाब 1.2 लिटर आकारमानावर सोसावा लागतो, त्याचे काम होते 36 ज्यूल. चार स्ट्रोकच्या इंजिनात 6000 आरपीएमला सेकंदाला 50 चक्रे होतात, म्हणजे एकूण 1800 वॅट, अर्थात जेमतेम अडीच हॉर्सपॉवर. उलटा दाब कमी झाल्याने सिलिंडरमध्ये ताजी हवा थोडी जास्त भरते आणि त्याचाही काही लाभ होतो, पण तो जमेस धरला तरी 15 चा आकडा फार लांब राहतो. शिवाय उलटा दाब पूर्ण शून्यावर आला असे आपण धरले आहे, जे कोणत्याही सायलेन्सरला साधत नाही.

पण ही झाली 6000 आरपीएमची गोष्ट. शहरात आपण 2000 च्या आसपास गाडी हाकतो. वायूचा प्रवाह एक तृतीयांश झाला की उलटा दाब साधारण एक नवमांश होतो, आणि चक्रेही एक तृतीयांश होतात. म्हणजे वरचा आकडा सत्तावीसने भागायचा. उरतात सुमारे 67 वॅट. घरातल्या छताच्या पंख्याला साधारण तेवढी वीज लागते. सिंहगड रस्त्यावरच्या कोंडीत फ्री-फ्लोमुळे पिकअप सुधारल्याचे जे कोणाला जाणवते, ते कानाला जाणवते. आवाज वाढला की मन वेग वाढल्याचे समजते. मीही तसे समजलो होतो, आणि आठवडाभर शेजाऱ्यांना तेच सांगत होतो.

या मजकुराला उत्तर म्हणून दुसरा एक समजही तितक्याच जोरात सांगितला जातो, की इंजिनाला उलटा दाब हवाच असतो आणि तो नसेल तर टॉर्क, म्हणजे गाडी ओढण्याची ताकद, जातो. तोही अर्धवट आहे. इंजिनाला उलटा दाब कधीच नको असतो. त्याला हवा असतो वायूचा वेग. वायू नळीतून वेगाने निघून गेला की त्याच्या मागे कमी दाबाची पोकळी तयार होते आणि ती पुढच्या सिलिंडरमधला जळका वायू ओढून घ्यायला मदत करते. छोट्या गाडीचा मूळ पाइप 42 मिलिमीटरचा असेल आणि त्याजागी ‘मोठा म्हणजे चांगला’ म्हणून 63 मिलिमीटरचा टाकला, तर नळीचे क्षेत्रफळ सव्वादोन पट होते आणि तेवढ्याच वायूचा वेग निम्म्याहूनही खाली येतो. म्हणूनच अशा गाडीत घाटाच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये जी जान असायची ती कमी झाल्यासारखी वाटते. दोष उलटा दाब गेल्याचा नसतो, चुकीच्या मापाच्या पाइपाचा असतो.

दाव्यात तथ्य अजिबात नाही असे मात्र म्हणता येणार नाही. टर्बो इंजिनात टर्बाइननंतरच्या नळीतला अडथळा कमी केला तर खरा फायदा होतो, पण तोही ईसीयूचे, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचे, मॅपिंग बदलल्यावरच पुरता हाती येतो, आणि त्या दोन्ही कामांचा खर्च पाच हजारांच्या कितीतरी पलीकडे जातो.

आता कॅटलिटिक कन्व्हर्टर. भारतात 1 एप्रिल 1995 पासून दिल्ली, मुंबई, चेन्नई आणि कोलकाता या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना तो सक्तीचा झाला, आणि त्याच्यासाठीच शिसेविरहित पेट्रोल आणावे लागले, कारण शिशाने तो निकामी होतो. आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी सच्छिद्र वीट असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम यांचा पातळ थर असतो. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे या तिन्हींवर तो काम करतो. तो काढल्याने ॲव्हरेज वाढते या म्हणण्यामागचा तर्क असा, की अडथळा गेला म्हणजे इंधन वाचले. प्रत्यक्षात पेट्रोल किती सोडायचे हे कन्व्हर्टरच्या आधी बसवलेल्या ऑक्सिजन सेन्सरच्या सांगण्यावरून ईसीयू ठरवतो, आणि तो हवा-पेट्रोलाचे प्रमाण पूर्वीसारखेच राखत राहतो. कन्व्हर्टरच्या नंतर बसवलेला दुसरा सेन्सर मात्र गडबड ओळखतो. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो आणि स्कॅनर लावला की पी0420 हा कोड दिसतो, ज्याचा अर्थ कन्व्हर्टरची कार्यक्षमता मर्यादेखाली गेली असा आहे. मग त्या सेन्सरखाली एक छोटा स्पेसर घालून दिवा विझवायचा सल्ला मिळतो. ताप उतरला नाही म्हणून थर्मामीटर चादरीत गुंडाळून ठेवावा, तशातला हा प्रकार.

माझ्या बाबतीत गॅरेजवाल्याने मोठे मन दाखवले होते: “कॅट काढायची मजुरी नको, साहेब.” तो डबा त्याने काळजीपूर्वक बाजूला ठेवला, आणि मला ते त्याचे सौजन्य वाटले. वापरलेल्या कन्व्हर्टरला त्यातल्या मौल्यवान धातूंमुळे चांगली किंमत येते, ही गोष्ट माझ्या कानावर नंतर आली. म्हणजे माझ्या पाच हजारांच्या सायलेन्सरची खरी किंमत पाच हजार नव्हतीच. त्यानंतर सिग्नलला काच खाली केली की डोळे चुरचुरायला लागत, आणि मागच्या सीटवर बसलेल्या आईने दुसऱ्याच दिवशी विचारले, “अरे, तुझी गाडी रॉकेलवर चालते का?”

पीयूसीचा मुद्दा याला लागूनच येतो. बीएस-4 या प्रदूषण मानकाच्या आणि त्यानंतरच्या पेट्रोल मोटारींना आयडलवर, म्हणजे गाडी उभी ठेवून इंजिन नुसते चालू असताना, कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 0.3 टक्के आणि हायड्रोकार्बनची 200 पीपीएम आहे. कन्व्हर्टरच्या आधीच्या वायूत कार्बन मोनॉक्साइड सहसा अर्धा ते एक टक्का असतो. म्हणजे मोजणी यंत्राचा प्रोब नळीत नीट घालून प्रामाणिकपणे मोजले, तर कन्व्हर्टर नसलेली गाडी पास होणे अवघड आहे. ती सहज पास होत असेल तर मोजणी कशी झाली हा प्रश्न स्वतःला विचारावा. दुसरे असे, की पीयूसीत नायट्रोजनची ऑक्साइडे मोजली जात नाहीत आणि आवाज तर मुळीच मोजला जात नाही. आवाजाबद्दल पीयूसीचा दाखला पुढे करणे म्हणजे डोळे तपासल्याचा कागद दाखवून कान ठणठणीत असल्याचे सांगण्यासारखे आहे.

आवाजाचे नियम स्वतंत्र आहेत. नऊपर्यंत आसनांच्या प्रवासी मोटारीला उत्पादनाच्या टप्प्यावर 74 डेसिबलची मर्यादा आहे, आणि हा आवाज धावत्या गाडीपासून साडेसात मीटर अंतरावर मोजतात. दहा डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनिऊर्जा दहापट, हे ध्यानात घेतले तर ‘थोडासाच जास्त आहे’ या बोलण्याचा अर्थ कळतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली आवाज आणि प्रदूषणाच्या मानकांच्या उल्लंघनाला, 2019 च्या दुरुस्तीनंतर, पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे, शिवाय तीन महिने लायसन्सही जाते. कलम 182अ(4) मध्ये मालकाने केलेल्या बेकायदा फेरबदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरबदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही अशी सोय आहे. सायलेन्सर हा गाडीच्या मूळ रचनेचा भाग नाही, त्यामुळे फेरबदलांना मनाई करणारे कलम 52 लागू होत नाही, असा युक्तिवाद काही जाणकार करतात. तो मान्य केला तरी 190(2) जागच्या जागी राहते. महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर भर रस्त्यात मांडून त्यावरून रोड रोलर फिरवला आहे. त्यात बुलेटचे जास्त असतात, म्हणून मोटारवाल्यांनी निश्चिंत राहण्याचे कारण नाही.

लोहचुंबकाची परीक्षा लवकर आटोपते. 304 स्टीलला चुंबक चिकटत नाही हे खरे, पण स्वस्त 201 स्टीललाही तो चिकटत नाही. उलट कंपन्या मूळ सायलेन्सरसाठी जे 409 स्टील सर्रास वापरतात, त्याला चुंबक घट्ट चिकटतो. म्हणजे या परीक्षेत कमी प्रतीचा पाइप पास होतो आणि कंपनीचा चांगला पाइप नापास. नाना पेठेत किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर खिशात चुंबक घेऊन हिंडणारी मंडळी पाहिली की मला वाईट वाटते. त्यापेक्षा पाइपाच्या आत बोट घालून वेल्डिंगचा सांधा आतून किती वर आला आहे ते पाहावे, पत्र्याची जाडी विचारावी, आणि मफलरच्या, म्हणजे आवाज दाबणाऱ्या डब्याच्या, आतली छिद्रांची नळी हलते का ते झटका देऊन ऐकावे. स्वस्त मफलरमध्ये त्या नळीभोवती काचेची लोकर सैल भरलेली असते. ती काही महिन्यांत जळून-उडून जाते आणि पहिल्या दिवशीचा घुमारदार आवाज पत्र्याच्या डब्यासारखा होतो.

‘कोणताही वेल्डर चालतो’ हे वाक्य मला सगळ्यांत धोकादायक वाटते. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडायची आणि अर्थचा चिमटा वेल्डिंगच्या जागेजवळच लावायचा, ही साधी गोष्ट ग्रिलचे दरवाजे जोडणाऱ्याला ठाऊक असेलच असे नाही, आणि त्या चुकीने बिघडू शकणाऱ्या ईसीयूची किंमत सायलेन्सरच्या अनेक पट असते. पेट्रोलच्या नळीपासून एक्झॉस्टचा पाइप किमान 35 मिलिमीटर दूर असावा असा नियमच आहे. नवा पाइप पोटात वळवताना हे अंतर प्रथम जाते, आणि आड येतो म्हणून उष्णतारोधक पत्राही काढून टाकला जातो. इंजिनामागचा जाळीचा लवचीक तुकडा काढून सरळ पाइप जोडला, तर इंजिनाचा प्रत्येक हिसका थेट सांध्यांवर येतो आणि पाइप टांगून धरणारे हँगर रबर तुटतात. सांधा पहिल्या ऑक्सिजन सेन्सरच्या आधी गळत असेल तर बाहेरची हवा आत खेचली जाते, सेन्सरला मिश्रण पातळ असल्याचा भास होतो, ईसीयू जास्त पेट्रोल सोडतो, आणि ॲव्हरेज वाढण्याऐवजी घटते. सीटखाली गळत असेल तर कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये येऊ शकतो, आणि त्याला वास नसतो.

गळती शोधायला यंत्र लागत नाही. सकाळी गाडी थंड असताना सुरू करायची, एकाने जाड ओले फडके शेपटीच्या नळीवर क्षणभर दाबून धरायचे आणि दुसऱ्याने वाकून ऐकायचे. ‘टिक-टिक’ किंवा फुसफुस जिथून येईल तिथे सांधा कच्चा. काही दिवसांनी त्याच जागी फ्लँजभोवती, म्हणजे बोल्टच्या जोडाभोवती, काजळीची काळी रेघ दिसू लागते. मफलरच्या बुडाशी असलेले बारीक छिद्र मात्र गळती समजून बुजवू नये. जवळच्या फेऱ्यांत आत साचणारे पाणी निघून जाण्यासाठीच ते ठेवलेले असते, आणि कोकणातल्या दमट हवेत ते बुजवले तर डबा आतून कुजतो.

मजकुरात न आलेली एक गोष्ट म्हणजे मधला रेझोनेटर, ठरावीक घुमणारा सूर दाबणारा डबा. चार सिलिंडरचे इंजिन 2500 आरपीएमला सेकंदाला सुमारे 83 ठोके देते, आणि रेझोनेटर काढला की हाच सूर केबिनमध्ये घुमत राहतो. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर पाचव्या गिअरमध्ये तासभर तो ऐकल्यावर लोणावळ्याला चहा घेताना दोन माणसे एकमेकांशी ओरडून बोलतात. बजेट खरोखर पाच-सहा हजारच असेल, तर रेझोनेटर, कन्व्हर्टर आणि मधला पाइप यांना हात न लावता फक्त मागचा मफलर मूळ मापाच्या नळीचा, बोल्ट आणि पॅकिंगने बसणारा घ्यावा. आवाज किंचित खोल होतो, आणि न पटल्यास अर्ध्या तासात पूर्वस्थितीला येता येते.

त्यासाठी जुना माल भंगारात न देणे आवश्यक आहे. माझा मागचा मफलर मी सुदैवाने वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकला होता. सहा महिन्यांनी तो खाली काढला, गंज घासला, तीन रबर आणि एक पॅकिंग नवे घेतले आणि परत बसवला. कन्व्हर्टर मात्र नवा विकत घ्यावा लागला, आणि त्याच्या बिलापुढे त्या पाच हजारांची आठवणही कोणी काढली नाही, आई सोडून.