आउटबोर्ड बांधायचं की बदलायचं?

आउटबोर्ड, म्हणजे नावेच्या मागच्या फळीला टांगलेलं इंजिन, बंद पडलं, की त्याचं झाकण निघायच्या आत निकाल लागलेला असतो. काठावर दोन पक्ष उभे राहतात. एक म्हणतो, "खोलून पुन्हा बांधा, रिंगा टाका, पळेल अजून दहा वर्षं." दुसरा म्हणतो, "भंगारात घाला, नवीन घ्या." खर्च तुम्ही करायचा, यावर दोन्ही पक्षांचं एकमत असतं. मशीन बंद का पडलं, हे मात्र अजून कोणीच विचारलेलं नसतं.

माझं म्हणणं असं, की हा प्रश्न मशीन खोलल्याशिवाय सुटत नाही आणि पूर्ण खोलल्यावर सोडवण्यात अर्थ राहत नाही. क्रँक, म्हणजे आतला मुख्य फिरता दांडा, एकदा टेबलावर आला, की माणूस हिशेब करत नाही, हट्ट करतो. म्हणून थोडं थोडं खोलावं आणि कुठे थांबायचं ते आधीच कागदावर लिहून ठेवावं. तो कागद घरातल्या दुसऱ्या कोणाकडे तरी द्यावा. आपल्याकडे राहिला तर त्याला हात पुसले जातात.

पहिलं काम कॉम्प्रेशनचं, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजायचं. मशीन चालू होत असेल तर आधी गरम करून घ्या. मग सगळे प्लग काढा, एकच नव्हे. किल स्विचची (मशीन झटक्यात बंद करणाऱ्या बटणाची) क्लिप काढून ठेवा, कारण प्लगच्या भोकांतून पेट्रोलची वाफ येते आणि तिथे ठिणगी नको. थ्रॉटल पूर्ण उघडा, प्लगच्या भोकात दाबाचं गेज बसवा आणि काटा चढायचा थांबेपर्यंत दोरी ओढा किंवा स्टार्टर मारा. प्रत्येक सिलिंडरचा आकडा लिहा. नुसत्या आकड्याला मी फार मान देत नाही, कारण गेजागणिक तो बदलतो. पाहायचा तो सिलिंडरांमधला फरक. 120, 118 आणि 121 पीएसआय आले तर पिस्टन-रिंगांना बोल लावायचं कारण नाही. बिघाड कार्ब्युरेटरात, कॉइलमध्ये किंवा टाकीतल्या शिळ्या पेट्रोलमध्ये शोधा. 120, 118 आणि 60 आले तर तिसरा सिलिंडर गेला. साधारण 10 ते 15 टक्क्यांहून जास्त तफावत असली की डोकं खाजवायला घ्यावं. शेजारशेजारचे दोन सिलिंडर मिळून खाली आले असतील, तर बहुधा त्यांच्यामधलं हेड पॅकिंग फुटलेलं असतं, आणि हे ऐकून दोन्ही पक्ष जरा खट्टू होतात. चार-स्ट्रोक मशीन असेल तर कमी आकड्याच्या सिलिंडरात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर व्हॉल्व्ह.

मग मशीनच्या तळाचा गिअरचा डबा. खालचा स्क्रू काढून ऑइल एका स्वच्छ भांड्यात घ्या. दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय. एवढ्यानं मशीनचं श्राद्ध घालायचं नाही. नाव ढकलणाऱ्या पंख्यामागे गुंडाळलेली मासेमारीची तंगूस ऑइल सील कापते, तेवढंच कारण असतं बऱ्याचदा. स्क्रूला लोहचुंबक असेल तर तो पाहा. त्यावर काजळासारखा बारीक लेप असणं ठीक. तिथे दातांचे तुकडे दिसले, तर बांधणीच्या खर्चात दुसरी बांधणी धरा. नवीन ऑइल नेहमी खालच्या भोकातून भरायचं, वरच्या भोकातून वाहू लागेपर्यंत. वरून भरणाऱ्याला हवेचा बुडबुडा आणि अर्धा रिकामा डबा मिळतो.

इथपर्यंत बहुतेक मशीनं आशादायक दिसतात. खरा न्यायाधीश यानंतर येतो आणि त्याचं डोकं षट्कोनी असतं. खाऱ्या पाण्यातल्या मशीनवर ॲल्युमिनिअमच्या ब्लॉकमध्ये स्टीलचा बोल्ट वर्षानुवर्षं बसला, की दोन धातूंमधल्या गंजानं तो जवळजवळ ब्लॉकचा अवयव होतो. आधी गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा, मग उष्णता द्या, मग पाना थोडा सोडवण्याकडे, थोडा आवळण्याकडे असा हलवा. जोर केलात तर एक बारीक 'कट्' ऐकू येतो. पहिला बोल्ट तुटला तर उलट्या आट्यांचं ड्रिल वापरून काढता येतो, आटे गेले तर हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांची तारेची गुंडाळी, टाकता येतं. दुसराही तुटला तर चहाची सुट्टी घ्या. तिसरा तुटला की आधी लिहून ठेवलेला तो कागद मागवा. ड्राइव्हशाफ्ट, म्हणजे क्रँकपासून गिअरपर्यंत जाणारा उभा दांडा, क्रँकच्या दातांत गंजून बसला असेल, तर खालचा डबा उतरतच नाही आणि तिथे मी बदलणाऱ्यांच्या पक्षात जातो.

हेड निघालं, तर सिलिंडरच्या भिंतीवरून नख फिरवा. नख अडकत नसेल तर नुसतं होनिंग, म्हणजे भिंत दगडानं हलकी घासणं, करून काम भागण्याची शक्यता असते. खोल ओरखडे दिसले तरी लगेच हाय खायचं कारण नाही, कारण पिस्टन सीज होताना, म्हणजे आत अडकताना, त्याचं ॲल्युमिनिअम सिलिंडरच्या ओतीव लोखंडाच्या स्लीव्हला (आतल्या नळीला) चोपडलं जातं. हातमोजे घालून, मोकळ्या हवेत, कापसाच्या काडीनं थोडं म्युरिॲटिक ॲसिड त्या डागावर लावा. ॲसिड ॲल्युमिनिअम खातं आणि फसफसतं. फसफस थांबल्यावर भरपूर पाण्यानं धुऊन लगेच तेल लावा आणि खालची भिंत पाहा. ती खरंच कापली गेली असेल, तर बोअर मारून, म्हणजे सिलिंडर आतून मोठा कापून, ओव्हरसाइज पिस्टन, बहुतेक वेळा अर्धा मिलिमीटर मोठा. मात्र भिंतीवर कठीण मुलामा असलेलं मशीन असेल, तर साधं बोअरिंग चालत नाही आणि खर्च एकदम वरच्या मजल्यावर जातो. बोअर मारण्याआधी पिस्टन हातात हवा. उलट्या क्रमानं गेलेल्यांना त्या मापाचा पिस्टन मिळता मिळत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हेच हटकून राहतं. जुना पिस्टन फेकू नका, तो साक्षीदार आहे. मधोमध भोक पडलं असेल तर ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटत होतं. कडा उंदरानं कुरतडल्यासारख्या असतील तर डिटोनेशन, म्हणजे ठिणगीनंतर उरलेलं मिश्रण एकदम स्फोटासारखं पेटणं. बाजू खरवडल्या असतील तर ऑइल कमी पडलं, मिश्रण पातळ झालं (हवा जास्त, पेट्रोल कमी) किंवा मशीन तापलं. दोन-स्ट्रोकमध्ये वंगण पेट्रोलबरोबरच येतं, त्यामुळे कार्ब्युरेटरातला एक जेट (पेट्रोलचं बारीक भोक) अर्धवट चोंदला की त्या सिलिंडरला इंधन आणि वंगण दोन्ही कमी पडतं. तापण्यामागे बहुधा पाण्याच्या पंपाचा रबरी इंपेलर (पाणी ढकलणारं पात्यांचं चक्र) असतो. तो काढून पात्या मोजा. सहा हव्यात आणि चार सापडल्या, तर उरलेल्या दोन वरच्या पाण्याच्या वाटेत कुठेतरी आडव्या बसल्या आहेत. त्या न शोधता नवा पिस्टन टाकणं म्हणजे जुन्याच रोगाला नवा रोगी देणं.

मशीन बुडालं असेल तर शास्त्र वेगळं. चालू असताना बुडालं असेल तर स्टार्टर मारायचा नाही. पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढा, गोड्या पाण्यानं धुवा, भोकं खाली करून हातानं हळू फिरवा. कुठे अडलं किंवा घासलं तर थांबा, खोलावंच लागेल. काही तासांत काम सुरू होणार नसेल तर मशीन उन्हात वाळत ठेवू नका, गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवा, कारण ओलं लोखंड हवेत आलं की गंज धावत येतो. बुडालेलं मशीन पुन्हा बुडवणारा माणूस पाहून काठावरचे दोन्ही पक्ष पहिल्यांदाच एक होतात.

पैशांसाठी जाणकार निम्म्याचा हिशेब सांगतात: बांधणीचा खर्च नव्याच्या निम्म्यावर गेला तर बदला. हिशेब चांगला आहे, फक्त दोन्ही बाजूंनी खोटा मांडला जातो. बांधणारा पिस्टन आणि रिंगा धरतो. पॅकिंगचा सेट, सील, बेअरिंग, बोअरिंग, इंपेलर, थर्मोस्टॅट, कार्ब्युरेटरची किट, इंधन पंपाचा पडदा आणि नळ्या विसरतो. बदलणारा नुसतं मशीन धरतो. केबल, रिमोट, वायरिंग, मीटर, इंधनाचा कनेक्टर आणि पंखा विसरतो. जुना पंखा नव्या शाफ्टला बसेलच असं नाही. शाफ्टची लांबीही 15, 20 की 25 इंच, ते नावेच्या मागच्या फळीची उंची मोजूनच ठरवा. शिवाय तेवढ्याच ताकदीचं चार-स्ट्रोक जुन्या दोन-स्ट्रोकपेक्षा सहसा वजनदार असतं. नाकापेक्षा मोती जड झाला, की नावेची पाठ बसते आणि पाणी निघायच्या भोकांतून पाणी आत येतं. मागची फळी ठोकूनही पाहा. भद्द आवाज आला तर आतलं लाकूड कुजलंय, आणि मग दोन्ही मशीनं महिनाभर थांबू शकतात.

सुटे भाग मिळतात का, हे क्लॅम्पवरच्या पट्टीवरचा मॉडेल नंबर घेऊन आधीच विचारा. मोठी नावंही जातात. जॉन्सन आणि एव्हिनरूड बनवणारी ओएमसी 2000 साली दिवाळखोरीत गेली, आणि पुढे बीआरपी कंपनीनं 2020 साली एव्हिनरूडचं उत्पादन थांबवलं. खालचा डबा धडधाकट असेल तर तयार बांधलेलं पॉवरहेड, म्हणजे वरचं अख्खं इंजिन, हा मधला मार्गही आहे. जुना ब्लॉक बदल्यात द्यावा लागतो, पण त्याला रॉड घुसून भोक पडलं असेल तर कोणी घेत नाही.

बांधायचंच ठरलं, तर कनेक्टिंग रॉडच्या टोप्यांची अदलाबदल करू नका. प्रत्येक टोपी आपल्याच रॉडवर, त्याच तोंडानं बसते. दोन-स्ट्रोकच्या रिंगचं तोंड पिस्टनवरच्या पिनवरच यायला हवं, नाहीतर ती पोर्टमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकात, अडकून तुटते. पिस्टन पिनच्या सर्कलिप (पिन जागेवर धरणाऱ्या कड्या) नव्याच टाका. क्रँककेसच्या दोन अर्ध्यांमध्ये कंपनीनं सांगितलेलंच सीलंट लावा. घरातली सिलिकॉनची नळी तिथे आणू नका, कितीही अर्धी उरलेली असली तरी. हेडचे बोल्ट मधून बाहेर, टप्प्याटप्प्यानं, टॉर्क रेंचनं. पुस्तिकेत वेगळं सांगितलं नसेल तर 50:1 च्या दोन-स्ट्रोक मशीनला पहिले दहा तास 25:1, म्हणजे 10 लिटर पेट्रोलला 200 ऐवजी 400 मिली ऑइल. एकाच वेगावर धरून ठेवू नका आणि पूर्ण थ्रॉटलचा मोह आवरा. धूर होईल, शेजारची नाव खोकेल.

बदलायचं ठरलं, तर जुनं अख्खं भंगारात देऊ नका. शाबूत गिअरचा डबा हाच सहसा त्याचा सर्वांत किमती भाग, त्यानंतर कॉइल, स्टार्टर, कार्ब्युरेटर, फ्लायव्हील आणि झाकण. कॉम्प्रेशनचे आकडे लिहून द्या, म्हणजे घेणारा नंतर घरी येत नाही. जोडलेल्या बंद मशीनला गिऱ्हाईक मिळतं, खोक्यातल्या मशीनला फक्त बघे मिळतात, तेव्हा निदान बोल्ट जागच्या जागी लावा. ऑइल आणि पेट्रोल आधी काढून घ्या, नाहीतर ते नेणाऱ्याच्या गाडीत सांडतं आणि व्यवहार फाटकातच मोडतो.