‘चरकांनी कुठे सीएमई केले होते?’

गेल्या महिन्याभरात वैद्यांच्या निदान चार व्हॉट्सॲप गटांवर मला एकच मजकूर आला, आणि परवा कोल्हापुरात गंगावेशीत काष्ठौषधी घ्यायला गेलो तेव्हा दुकानदारानेही तो मोबाइलवर वाचून दाखवला. मजकूर थोडक्यात असा: आयुर्वेद शाश्वत आहे, त्यात नवे शिकण्यासारखे काही नाही, पदवी आयुष्यभराची असताना नोंदणीचे नूतनीकरण करा, सीएमईचे, म्हणजे वैद्यांच्या निरंतर शिक्षणाचे वर्ग करा, त्यांच्या हजेरीचे क्रेडिट पॉइंट जमवा, ही सगळी ॲलोपॅथीची नक्कल आहे, अनुभव हाच वैद्याचा गुरू, सीएमईची प्रमाणपत्रे पैसे टाकून मिळतात, आणि खेड्यातल्या वैद्याला हे परवडत नाही. शेवटी ठसक्यात विचारले आहे, ‘चरकांनी कुठे सीएमई केले होते?’ यातली शेवटची तक्रार मला मान्य आहे, प्रमाणपत्रांबद्दलची अर्धी मान्य आहे, आणि बाकीची विधाने ज्या ग्रंथांच्या जोरावर केली आहेत त्या ग्रंथांनाच ती मान्य नाहीत.

शाश्वतपणाचे विधान चरकसंहिता या आयुर्वेदाच्या आधारग्रंथातलेच आहे, हे आधी कबूल केले पाहिजे. सूत्रस्थान या तिच्या पहिल्या विभागाच्या तिसाव्या अध्यायात त्याची तीन कारणे दिली आहेत: आयुर्वेदाला आरंभ नाही, त्याची लक्षणे स्वभावसिद्ध आहेत आणि पदार्थांचे स्वभाव नित्य आहेत. पण नित्य आहे तो पदार्थांचा स्वभाव. तो समोरच्या वैद्याला पूर्ण कळलेला आहे, असे तिथे म्हटलेले नाही. उलट विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात शिष्याला बजावले आहे की ‘न चैव ह्यस्ति सुतरमायुर्वेदस्य पारम्’, आयुर्वेदाला पैलतीर नाही, म्हणून न चुकता सतत त्याचा अभ्यास करीत राहावा. आणि त्याच ओघात असेही सांगितले आहे की हिताचे बोलणे शत्रूचे असले तरी ते ऐकावे आणि तसे वागावे.

ग्रंथांचा इतिहासही हेच सांगतो. अग्निवेशाच्या तंत्रावर, म्हणजे ग्रंथावर, चरकांनी संस्कार केला. त्यातला चिकित्सास्थानाचा सतरा अध्यायांचा भाग आणि कल्प व सिद्धी ही दोन स्थाने पुढे दृढबल नावाच्या वैद्याने पुरी केली, आणि संस्कर्ता जुन्या तंत्राला पुन्हा नवे करतो, असे संहितेतच नोंदवून ठेवले. पोर्तुगिजांबरोबर आलेला फिरंग रोग, म्हणजे सिफिलिस, सोळाव्या शतकातल्या भावप्रकाश या ग्रंथात त्याच नावाने येतो आणि त्यावर चोपचिनी ही बाहेरून आलेली मुळी सांगितली जाते. सर्वांत बोलके उदाहरण नाडीचे आहे. आज लोकांच्या मनात वैद्य म्हणजे मनगटावर तीन बोटे ठेवणारा माणूस. पण ही नाडीपरीक्षा चरक, सुश्रुत, वाग्भट यांच्यापैकी कोणाकडेही नाही, ती त्यांच्या बऱ्याच नंतरच्या शार्ङ्गधरसंहितेपासून दिसते. म्हणजे ‘शास्त्रात नवे काही येत नाही’ असे सांगणारा वैद्य ज्या नाडीवर बोटे ठेवून ते सांगतो, ती नाडीच शास्त्रात मागाहून आलेली आहे.

नक्कलीचा आरोप तर मला मजेशीर वाटतो. ज्ञान वाढवण्याचे तीन उपाय चरकसंहितेत दिले आहेत: अध्ययन, अध्यापन आणि तद्विद्यसंभाषा. वैद्याने वैद्याशी बोलावे, असा तिथे सरळ आदेश आहे. ही संभाषा मित्रत्वाची कोणती आणि वादाची कोणती, कोणाशी कशी बोलावी, याचा तपशीलही पुढे आहे. सूत्रस्थानाच्या सव्विसाव्या अध्यायात चैत्ररथ वनात ऋषी जमले आहेत आणि रस, म्हणजे चवी किती, यावर एकेक जण मत मांडतो आहे: भद्रकाप्य म्हणतो एक, दुसरा म्हणतो दोन, कोणी आठ म्हणतो, आणि बाल्हीक देशाहून (आजच्या अफगाणिस्तानातल्या बल्खकडून) आलेला कांकायन म्हणतो असंख्य. शेवटी अग्निवेशाचे गुरू पुनर्वसू आत्रेय सहा रसांचा निर्णय देतात. चरकांनी सीएमई कुठे केले होते, या प्रश्नाचे उत्तर हवेच असेल तर ते चैत्ररथ वनात शोधावे. परदेशी वक्ता बोलावण्याची प्रथाही तिथलीच दिसते.

पदवी आणि नोंदणी यांची गल्लत मात्र जाणूनबुजून केलेली वाटते. विद्यापीठाने दिलेली बी.ए.एम.एस.ची पदवी कोणी काढून घेत नाही. नोंदणी म्हणजे रुग्णाला हात लावण्याची शासनाची परवानगी; आपल्या राज्यात ती १९६१च्या महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियमाखाली मुंबईच्या महाराष्ट्र भारतीय वैद्यक परिषदेकडे होते आणि दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. देशपातळीवर १९७०चा जुना कायदा जाऊन २०२०चा भारतीय चिकित्सा पद्धती राष्ट्रीय आयोगाचा कायदा आला. ही सरकारी कटकट आजची आहे असे ज्यांना वाटते त्यांनी सुश्रुताच्या सूत्रस्थानाचा दहावा अध्याय काढून पाहावा: शास्त्र शिकलेल्या, कर्म पाहिलेल्या, हाताने सराव केलेल्या आणि ‘राजानुज्ञात’ अशा वैद्यानेच व्यवसायात उतरावे. त्याच्याच आधीच्या अध्यायात कोहळा, दुधी आणि काकडीवर छेदनाचा सराव करायला सांगितले आहे. आजच्या भाषेत याला हँड्स-ऑन वर्कशॉप म्हणतात.

आता अनुभवाबद्दल. आम्लपित्तावर ज्येष्ठमधाचे चूर्ण मी पुष्कळ वर्षे निःशंकपणे देत आलो. कागलकडचे एक निवृत्त मास्तर दोन महिने ते नियमाने घेत होते आणि जळजळ थांबल्याचे आनंदाने सांगत होते. मग पायांवर सूज आली, पोटऱ्यांत रात्री गोळे येऊ लागले, जिना चढताना मांड्या भरू लागल्या. मी वाताचा विचार केला आणि तेल दिले. त्याच सुमारास एका सीएमईत औषधांच्या परस्परक्रियांवर व्याख्यान ऐकले: ज्येष्ठमधातल्या ग्लिसिरायझिनमुळे शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवले जाते, पोटॅशियम लघवीवाटे जाते आणि रक्तदाब चढतो, रुग्ण लघवी वाढवणारी गोळी घेत असेल तर पोटॅशियम आणखी घसरते. मास्तरांची जुनी चिठ्ठी उघडली तर रक्तदाबाची तीच गोळी. रक्त तपासले, पोटॅशियम कमी निघाले, चूर्ण बंद केले, त्यांच्या फिजिशियनला फोन केला. माझ्या अनुभवाने मला एवढेच शिकवले होते की ज्येष्ठमधाने जळजळ थांबते, आणि ते खोटे नव्हते. पण ज्यांची सूज वाढली असेल असे आधीचे रुग्ण माझ्याकडे परत आलेच नसतील, तर त्यांचा अनुभव माझ्या खात्यात जमा होणार कसा?

आणि सांगायलाच हवे म्हणून सांगतो, आपल्यापैकी अनेकांच्या टेबलावर अँटिबायोटिकही असते. राज्य शासनाच्या अधिसूचनांनी ती मुभा दिली आहे, १९९८च्या मुख्तियार चंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तिचा विचारही केला आहे. ही मुभा वापरायची आणि अद्ययावत शिक्षणाचा विषय निघाला की शाश्वत शास्त्राचा आडोसा घ्यायचा, हे दोन्ही एकाच दवाखान्यात शोभत नाही.

प्रमाणपत्रांच्या बाबतीत मजकूर लिहिणाऱ्याचा राग मी समजू शकतो. एका हॉटेलातल्या कार्यक्रमात मला जेवणाआधीच प्रमाणपत्र मिळाले होते आणि दोन्ही व्याख्यानांत एकाच कंपनीच्या कॅप्सूलची चित्रे होती. पण वर्ग वाईट घेतले जातात म्हणून वर्गच नकोत, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. त्यातून निघते ते एवढेच की प्रायोजक कोण, हजेरी कशी घेतली आणि शेवटी काही विचारले का, हे तपासावे. चांगल्या वर्गांची सोय नाही, असेही नाही. १९८८पासूनचे दिल्लीचे राष्ट्रीय आयुर्वेद विद्यापीठ आणि आयुष मंत्रालयाच्या योजनेतले सहा दिवसांचे वर्ग आहेत. आमची आठ-दहा वैद्यांची महिन्याची बैठक आहे. तिथे एकदा करवीर तालुक्यातल्या एका गुळव्याला, गूळ बनवणाऱ्या कारागिराला, बोलावले होते. मळी काढायला भेंडीचा चिकट रस कधी घालतात, काहिलीत रंग उजळावा म्हणून हायड्रॉस या रसायनाची पूड कोण घालते आणि तो पिवळाधमक गूळ गिऱ्हाइकालाच कसा हवा असतो, हे त्याने तासभर सांगितले. ‘गुळासोबत घ्या’ हे मी दिवसातून दहा वेळा म्हणतो. ग्रंथातला जुना गूळ आणि रुग्णाच्या घरातला गूळ यांतले अंतर मला त्या दिवशी कळले. त्या बैठकीला क्रेडिट पॉइंट नव्हते. ते मिळायला हवे होते, असे माझे मत आहे.

खेड्यातल्या वैद्याची अडचण खरी आहे. चंदगडच्या माणसाला कोल्हापूरचा वर्ग म्हणजे दवाखाना दिवसभर बंद. पण उपाय वर्ग रद्द करण्यात नाही, वर्ग तालुक्याला नेण्यात आहे, आणि त्याला दुसरेही कारण आहे. २०२१मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने उत्तर दिले की ती वेल आपली टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया नसून तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा असू शकते. हे उत्तर खरे मानले तरी वैद्याची जबाबदारी वाढतेच, कारण दोन्ही वेली ओळखता येणे हे त्याचे काम ठरते. शहरात आमच्या हातात वाळलेले तुकडे येतात. क्रिस्पाच्या खोडावरच्या दाट गाठी त्यात कुठून दिसणार? गगनबावड्याच्या वैद्याच्या अंगणात कडुनिंबावर चढलेली ओली वेल असते. तो वर्ग त्याच्या अंगणात भरवावा, आणि एसटी धरून आम्ही तिकडे जावे.